अंजनीची राहून गेलेली सुनावणी

कुंदा गेली त्याला चार महिने झाले. इथं हिंदी मुलखात, आमच्या चेरीताल मोहल्ल्यात शोकसभा झाली, अन् जो उठला तो एकच बोलला, कुंदाबाईंनी पोरांना संविधान शिकवलं. आमच्या शाळेचे अध्यक्ष बापूसाहेब तर डोळे पुसत म्हणाले, "अन्याय तिला सहनच होत नव्हता." बाप्पा! मला त्याच क्षणी उठावंसं वाटलं. पण गेलेल्या माणसाबद्दल सभेत खरं कोण बोलतं? म्हणून इथं सांगते.

मी विनता. त्याच शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलं, कुंदाच्या शेजारच्या वर्गात. मधली भिंत इतकी पातळ की तिचं अर्धं नागरिकशास्त्र मला पाठ झालं होतं.

आठवीच्या वर्गात तिनं राज्यच मांडलं होतं. भिंतीकडची रांग संसद, खिडकीकडची सरकार, मागचे दोन बाक न्यायालय. जुलैत पोरं एका लांब रजिस्टरात आपल्या वर्गाचं संविधान लिहीत, तेही भांडून भांडून. फळा कोणी पुसायचा, पाणी प्यायला एका वेळी किती जणांनी जायचं, सगळं त्यात. शेवटच्या पानावर साऱ्यांच्या सह्या, बाईंचीही. चौथं कलम मात्र दरवर्षी कुंदा स्वतः सुचवायची: ऐकून घेतल्याशिवाय कोणालाही शिक्षा नाही.

"कोणालाही म्हणजे बाईंनाही?" पोरं हमखास विचारत.

"बाईंनाही," ती म्हणायची.

मी चिडवायची, "अगं, यांना धड नाक पुसता येत नाही, अन् तू राज्य देऊन राहिली!" ती म्हणायची, "तुझी वर्गमुळं विसरतील गं, हे नाही विसरणार."

दोन हजार नऊ साली मुख्य न्यायाधीश होती अंजनी. बारकीशी, दोन वेण्यांची, बाप कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. एकदा कुंदाची गाडी पंक्चर झाली अन् ती दहा मिनिटं उशिरा आली. आलोक नावाच्या पोरानं तक्रार केली. अंजनीनं बाईंना मागच्या बाकापुढे उभं केलं, सगळं ऐकून घेतलं, अन् निकाल दिला: कारण खरं आहे, पण निरोप पाठवला नाही, म्हणून बाईंनी आठवडाभर फळा पुसायचा. कुंदानं पुसला की! साडीभर खडूची पूड घेऊन स्टाफरूममध्ये यायची अन् ज्याला त्याला ही गोष्ट सांगायची. त्या पोरीवर फार जीव होता तिचा.

अन् तिच्याच बाबतीत हे घडलं. पंचवीस जानेवारीचा दिवस. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला बापूसाहेब ते रजिस्टर बघणार होते. कुंदानं उघडलं तर सह्यांचं पान फाडलेलं. दप्तरं तपासली, अन् अंजनीच्या कंपासपेटीतून घडी केलेलं पान निघालं. आरडाओरडा ऐकून मी दाराशी गेले, तर कुंदा ते पान अंजनीपुढे नाचवत होती.

"बाई, मी..." अंजनी म्हणाली.

"एक अक्षर बोलू नको!"

आलोक भीतभीत उभा राहिला. "बाई, पण न्यायाधीशच आरोपी असला, तर सुनावणी कोण करणार?"

"मी!" कुंदा ओरडली. "मीच करणार, अन् झाली सुनावणी." तिनं पोरीच्या छातीवरचा न्यायाधीशाचा कागदी बिल्ला ओढून काढला अन् तिला वर्गाबाहेर उभं केलं.

मागच्या बाकावर दुसरे न्यायाधीश बसलेच होते. त्यातलं कोणीही ऐकून घेऊ शकलं असतं. इतकं साधं तिला, जन्मभर हेच शिकवणारीला, सुचलं नाही. अन् मी? मला तर सुचलं होतं. पण म्हटलं, तिचा वर्ग, ती पाहून घेईल, अन् निघून गेले माझ्या अपूर्णांकांकडे. त्याची लाज मला आजही वाटते.

अंजनी दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही. आठव्या दिवशी तिचा बाप टीसी घ्यायला आला. आमच्या क्लार्कनं, गुणवंतनं, फाईल काढली. "अर्ज तर एकोणीस तारखेचाच आहे," तो म्हणाला. बापाचं काम सुटलं होतं, अन् घर उचलून ते पाटनला भावाकडे चालले होते. पोरीनं वर्गात कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मैत्रिणींच्या सह्या सोबत न्यायच्या होत्या म्हणे तिला," बाप हात जोडून म्हणाला. "चुकलंच तिचं बाई, माफ करा."

तो माणूस कुंदाची माफी मागत होता! कुंदाला तेव्हा कुठं सगळं समजलं. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

पाटन काही लांब नाही, तासाभराची बस. मी दहादा म्हटलं, जाऊन ये. आधी म्हणाली, परीक्षा होऊ दे. मग म्हणाली, काय तोंड घेऊन जाऊ? पुढच्या जुलैपासून तिनं रजिस्टरही बंद केलं अन् पुस्तक वाचून दाखवू लागली. शोकसभेतल्या लोकांना हे माहीत नाही.

निवृत्त झाली, हृदय कमजोर झालं, तेव्हा मागच्या हिवाळ्यात एक दिवस फोन आला. "विनता, चल. त्या दिवशी तिला काय बोलायचं होतं, ते तिच्या तोंडून एकदा ऐकल्याशिवाय मला मरता येणार नाही."

पत्ता आलोकनं काढून दिला. बाजारातल्या कमानिया गेटवरून खव्याची जिलेबी घेतली अन् आम्ही दोघी म्हाताऱ्या बसनं गेलो. अंजनी आता सत्तावीस वर्षांची, भरल्या घरची. बाईंना पाहून ती हातातलं पीठ तसंच ठेवून पाया पडली, मग तिनं पाट दिला, चहा टाकला.

कुंदा रडत म्हणाली, "मी तुझं ऐकून घ्यायला पाहिजे होतं."

"अरे बाई, काहून मनात धरून बसलात? मी तर कधीच विसरले."

"नाही, तू सांग. मी ऐकायला आले."

"जाऊ द्या न बाई. चहा थंड होऊन राहिला."

इतक्यात तिची मुलगी प्रणोती शाळेतून आली. सात वर्षांची, डोळे सुजलेले, हातावर छडीचा वळ. अंजनीनं वळावर तेल लावलं अन् हळू आवाजात विचारलं, "मॅडम को कुछ बोली तो नहीं?"

पोरीनं मान हलवून नाही म्हटलं.

"शाब्बास. बोलने से कुछ नहीं होता. चुप रहने का."

कुंदानं हातातला कप खाली ठेवला. तिनं पोरीला जवळ ओढलं. "बाळा, काय झालं शाळेत? मला सांग. मी ऐकते."

प्रणोतीनं आधी आईकडे पाहिलं.

"कुछ नहीं हुआ," ती म्हणाली.

कुंदानं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा पोरीनं आईकडे पाहिलं अन् तेच सांगितलं.