तक्रार न करणारी भाडेकरू

बसमधली तिकिटं तपासण्यात ज्याची उभी हयात गेली, तो माणूस घरमालक झाला की काय होतं, ते चेकरकाकांकडे बघून कळावं. निवृत्तीच्या सगळ्या पैशांतून त्यांनी दुमजली घर घेतलं होतं. वर स्वतः आणि काकू, खालच्या दोन खोल्या भाड्याने. म्हातारपणाचा आधार म्हणजे या दोन खोल्याच. कुणीतरी एक दिवस त्या गिळून बसेल, या धास्तीने काकांना धड झोप लागत नसे.

गल्लीतले बाकीचे घरमालक त्यांच्याकडे सल्ल्याला येत. काका खुर्ची पुढे ओढत आणि सुरू होत. "चावी देण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. करार नोंदवून घ्या, तोंडी काही ठेवू नका. माणूस सध्या जिथे राहतो, ते घर काहीतरी निमित्त काढून बघून या. तिथली मोरी जशी, तशी तुमची होणार. आणि न सांगता आत शिरू नका, एक दिवस आधी कळवा." हे सगळं सोळा आणे खरं होतं. पुढचं मात्र खास त्यांच्या खात्यातलं असे. "भांडणाऱ्याला भिऊ नका हो, गप्प बसणाऱ्याला भ्या. बिनतिकिटाचा माणूस कधी आवाज करत नाही. खिडकीबाहेर बघत बसतो."

आणि त्यांच्याच घरात खाली अशी गप्प बाई राहत होती. चष्म्याच्या दुकानात काम करायची, सोबत म्हातारी सासू. दोन वर्षांत एक तक्रार नाही. जिन्यापाशी भेटली की काका विचारत, "बरं आहे ना सगळं?" ती म्हणे, "हो काका, छान आहे," आणि सटकन आत. दुसऱ्या कुणी देवाचे आभार मानले असते. काकांच्या मनात पाल चुकचुकली.

मग एका रविवारी पिशवी घेतलेला एक माणूस खाली येऊन गेला. पाठोपाठ ओल्या रंगाचा वास वर आला.

"दुसऱ्याच्या घराला पदरमोड करून रंग कोण लावतं?" काकांनी काकूंना विचारलं. "जी ते घर आपलंच समजते ती!"

"अहो, सरळ आहे ती बाई."

"सरळ दिसणारी माणसंच मी आयुष्यभर बसमधून उतरवली आहेत."

नियम म्हणजे नियम. काकांनी खाली जाऊन कळवलं, "उद्या सकाळी पाहणीला येतो." बाईचा चेहरा उतरला. संध्याकाळी खालून जड काहीतरी ओढल्याचा आवाज आला. काका जमिनीला कान लावून बसले. काकूंनी कपाळावर हात मारला.

सकाळी काका फोटो घेऊनच खाली उतरले. खोल्या आरशासारख्या लख्ख होत्या. त्यामुळे त्यांचा संशय आणखीच वाढला. आतल्या खोलीत मोठं कपाट उभं होतं. फोटोत ती भिंत मोकळी होती. कपाटाला खेटूनच सासूची खाट होती आणि म्हातारी खोकत उठून बसली होती.

"हे कपाट सरकवा."

"काका, जड आहे हो..."

"काल सरकलं ना? आजही सरकेल."

दोघांनी मिळून ते सरकवलं. मागची भिंत छतापासून खाटेपर्यंत काळी पडली होती. नव्या रंगाचे पापुद्रे लोंबत होते, कुबट वास येत होता.

"वाट लावलीत की घराची!" काका कडाडले. "आणि वर लपवता? दोन वर्षांत एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

बाईने पदराचं टोक मुठीत धरलं. "पहिल्या दिवशी चावी देताना तुम्हीच म्हणालात ना, आधीच्यांनी डोकं उठवलं होतं, मला कटकट करणारे भाडेकरू नकोत, लगेच खाली करायला सांगेन. आम्हाला दुसरी जागा नव्हती, काका. म्हणून दोनदा मिस्त्री आणून रंग लावला. राहतच नाही."

काका म्हणाले होते खरं. त्यांना तो दिवस आठवला आणि लाज वाटली. तेवढ्यात वर बादली सरकल्याचा आवाज झाला, पाणी ओतलं गेलं. थोड्या वेळाने भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात थेंब धरला आणि ओघळत खाटेकडे आला. त्या कोपऱ्याच्या बरोबर वर काकांची न्हाणी होती. गेली दोन वर्षं काका रोज तिथे भरपूर पाणी घेऊन अंघोळ करत होते.

"उद्याच न्हाणी फोडतो," काका कसेबसे म्हणाले. "खर्च सगळा माझा."

"आज सांगणारच होते. महिनाअखेर आम्ही जातोय. सासूबाईंनी जागा पसंत केली."

"इथल्यापेक्षा चांगली आहे?"

"लहान आहे. पण तिथले मालक पहिल्याच दिवशी म्हणाले, काही बिघडलं तर लगेच सांगा हं."

काका जिना चढून वर आले. काकू न्हाणीत दुसरी बादली भरत होत्या. "काय हो," त्यांनी हसून विचारलं, "सापडला का चोर?"

काकांनी नळ बंद केला.

"पाणी ओतू नकोस," ते म्हणाले. "खाली म्हातारी झोपते."