भाऊ बैठकीला गेला तो रविवार

धाकट्या बहिणीने थोरल्या भावाचा दंड धरून त्याला एसटीत बसवणं आमच्या धरणगावात शोभत नाही. मी बसवलं. भाऊ दवाखान्यातून घरी येऊन थोडेच दिवस झाले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की दारू अंगातून गेली, आता डोक्यातून जायची असेल तर दारू सोडलेल्या माणसांच्या बैठकीला जात राहा. वहिनी मुलींना घेऊन माहेरी होती. हा सोडेल तर येईन, एवढंच तिचं म्हणणं, आणि त्यात मला तिची काडीची चूक दिसत नव्हती.

सोडवायचे सगळे प्रकार आम्ही करून बसलो होतो. गळ्यात माळ घालून झाली, चहात कुठल्याशा बाबाची पुडी कालवून झाली. श्रावणात घरी कानबाई देवी बसते, त्या दिवसांत मात्र भाऊ दारूला शिवत नसे. तिच्या रोटांचा प्रसाद संपेपर्यंत इतका नीट वागायचा, की घरातल्या बायका म्हणायच्या, मनात आणलं तर जमतं की याला! हे ऐकलं की तो मान खाली घालायचा. मनात आणूनही जमत नाही, हे त्या बिचाऱ्याला कुणाला सांगताच आलं नाही.

बैठक जळगावातही भरते, असं फोनवर कळलं होतं. पण जळगावात आमचे निम्मे सोयरे. तिथे भाजी घ्यायला उतरलं तरी एखादी आत्या भेटतेच. म्हणून मीच धुळं ठरवलं. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, देवळाजवळच्या शाळेत या, प्रार्थनेने सुरुवात होते.

धुळ्याला उतरलो, रिक्षाने देवळापर्यंत गेलो. शाळा काही दिसेना. कोपऱ्यावर चहावाला होता. पण त्याला सरळ विचारणं मला जमेना. भाऊ शेजारी उभा, त्याच्यासमोर ‘दारू’ हा शब्द कसा काढायचा? मी म्हटलं, “इथं सत्संग असतो ना हो रविवारचा?”

“असतो ना! सभामंडपात जा, सुरूच होतोय.”

सुट्टीमुळे बैठक शाळेऐवजी इथे घेतली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. प्रार्थना झाली. मी निश्चिंत झाले. मग एक भजन झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. पुरुषांत कुणीतरी भाऊच्या हाती टाळ दिले. दवाखान्यापासून त्याचे हात थरथरत होते, त्यामुळे टाळ भलत्याच ठेक्यात वाजत होते आणि तो कसनुसा हसत माझ्याकडे बघत होता. शेवटी आरती झाली, हातावर प्रसाद पडला.

भाऊ माझ्याजवळ आला. “दारूना विषय कव्हय निंघी?” त्याने हळूच विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संताप आला, तोही त्याचाच. याच्यापायी मी परक्या गावात खोटं बोलत हिंडतेय! म्हटलं, “चल घरी. पुढच्या रविवारी बघू.”

तो हलला नाही. “पुढला रविवारले मी येवाव नही,” तो म्हणाला. “माले माहीत शे मी कसा शे.” मला ते खरं वाटलं.

तो तसाच वळला. वीणा उतरवून ठेवणाऱ्या एका म्हाताऱ्या आबांसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “आबा, माले दारू सोडनी शे. तेन्ही बैठक कोठे ऱ्हास?”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आबा वीणेला खोळ घालू लागले. माझ्या शेजारी एक म्हातारी अक्का बसली होती, मघाशी तिनेच मला पुढे सरकून जागा दिली होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

“मन्हा पोऱ्या जास तठे,” ती म्हणाली. “चाल भाऊ, मी दखाडस.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. अक्का कुणाकडेही न बघता चपला शोधू लागली.

शाळा मागच्याच गल्लीत निघाली. बैठक अजून चालू होती. वरच्या वर्गातून कुणीतरी बोलत असल्याचा आवाज येत होता. भाऊ माझ्यासाठी थांबला नाही, कठड्याला धरून एकटाच जिना चढला. दार उघडलं, कुणीतरी “या, बसा” म्हटलं, दार लागलं. इतकी वर्षं आम्ही सगळे मिळून त्याला ओढत होतो, आणि तो आपल्या पायांनी वर गेला. मला भडभडून आलं.

अक्का खालच्या पायरीवर बसली. मला पदर पुढे करून म्हणाली, “पूस डोया.”

मी विचारलं, “अक्का, तुमच्या मुलाचं त्या बायकांना ठाऊक होतं?”

“कोनलेच नव्हतं. तो जास तव्हय मी सांगू, पोऱ्या कामवर जायेल शे.”

“आता त्या विचारतील. काय सांगाल?”

अक्काने पदर खांद्यावर ओढून घेतला. “सांगसू, बैठकले जायेल शे,” ती म्हणाली.