म्हैस कशी रेकते

निवृत्त झाल्यावर शनिवार पेठ सोडून मी मुलाकडे पुण्याबाहेर मांजरी गावात राहायला आले. सोसायटी नवी, कुंपणापलीकडे ऊस. करमेना, म्हणून रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये मुलांसाठी वाचनाचा तास सुरू केला. सोसायटीतली मुलं यायची, पलीकडच्या मळ्यातलीही यायची. पण मध्ये एक अख्खी सतरंजी रिकामी सोडून बसायची.

मग मी दोघांत एक पुस्तक द्यायला लागले. आमच्या मजल्यावरचा चष्मेवाला मुलगा आणि मळ्यातली दोन वेण्यांची मुलगी अशी एक जोडी लावली. दोघं पुस्तकाचं एकेक टोक चिमटीत धरून बसली.

गोष्ट हरवलेल्या म्हशीची होती. मुलगा वाचू लागला, "म्हैस ओरडली, हम्मा!"

मुलीने पुस्तकावर हात ठेवला. "ही गाय झाली."

"असंच छापलंय."

"छापू दे. म्हस अशी न्हाय वरडत."

"मग कशी?"

तिने मान वर केली आणि नाकातून अशी काही रेकली की खिडकीवरची कबुतरं उडाली. मुलानेही जोर लावला.

"हे करडू हाय," ती म्हणाली.

मग सगळ्यांनाच चेव चढला. सतरंज्यांचा हिशेब राहिला नाही, जो तो तिच्यापुढे जाऊन रेकू लागला. शेवटी मीही रेकले.

"बाई, तुमची म्हस लई म्हातारी हाय," ती म्हणाली.

इतक्यात वॉचमन काठी घेऊन धावत आला. "मॅडम, म्हस कुठून शिरली?" मागोमाग सेक्रेटरी. "अहो, आपण वाचन म्हणाला होतात."

"वाचनच आहे. आज उच्चारांवर भर आहे," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी ती दोघं एकत्रच आली. मुलगा आठवडाभर तिच्या गोठ्यात जाऊन म्हशीला गोष्ट वाचून दाखवत होता म्हणे.

"आवडली का तिला?"

"लई!" मुलगी म्हणाली. "शेवटचं पान खाल्लं तिनं."

ते पुस्तक अजूनही मुलं मागून नेतात. शेवट हवा असेल तर त्या दोघांना विचारावा लागतो. तो म्हणतो, म्हैस घरी आली. ती म्हणते, छे, म्हैस घरीच होती, मालक हरवला होता. दोघं तावातावाने भांडतात आणि ऐकणाऱ्यांचेही दोन तट पडतात. दोन्ही तटांत दोन्हीकडची मुलं असतात.