मोज्यातला पत्ता

तो गेल्याचं कळलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. टीव्हीवर दोन दिवस त्याचं कौतुक चाललं होतं. विमानतळावरच्या प्रत्येक दुकानात ज्याच्या खुनाच्या कादंबऱ्या मिळतात, असा तो लेखक.

मी पोस्टमॉर्टेम करणारी डॉक्टर. नागपूरहून आले आणि निवृत्त होईपर्यंत शिकागोजवळच्या सरकारी शवागारात काम केलं. हा लेखक मला फोन करून विचारायचा, गळा दाबला तर डोळ्यांत काय दिसतं, बुडालेल्याच्या फुप्फुसात काय सापडतं. मी सांगायचे. पुस्तकाच्या शेवटी आभारात माझं नाव यायचं. शॉमबर्गच्या आमच्या मराठी मंडळात लोक ते एकमेकांना दाखवायचे, आणि मला ते आवडायचं.

एका जानेवारीत गॅस स्टेशनच्या मागे बर्फात एक म्हातारा मेलेला सापडला. अंगावर कपडे नव्हते, म्हणून पोलिसांना घातपाताचा संशय. घातपात नव्हता. त्याला काही आठवत नसे आणि तो घर चुकला होता. थंडीनं मरणाऱ्या माणसाला शेवटी उकडायला लागतं, तो स्वतःच कपडे काढतो. एका पायात मोजा तेवढा राहिला होता आणि त्यात घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. त्याची मुलगी, शाळेत शिकवणारी, रोज सकाळी ती चिठ्ठी मोज्यात ठेवायची. हे तिनं रडत रडत मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही.

ते मी लेखकाला सांगितलं. त्यानं विचारलंही नव्हतं. आपल्याकडे काहीतरी भारी आहे, एवढ्याच हौसेनं सांगितलं.

दोन वर्षांनी त्याची कादंबरी आली. म्हातारा, बर्फ, मोजा, चिठ्ठी, सगळं होतं. फक्त बापाला कंटाळून मुलीनंच त्याला थंडीत नेऊन सोडलं होतं.

ती मुलगी पुस्तक घेऊन माझ्या ऑफिसात आली. बसली नाही.

"चिठ्ठीचं तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप हे वाचतात," ती म्हणाली आणि निघून गेली. मी माफीही मागितली नाही.

मी लेखकाला फोन केला. तो हसला. "नाव बदललंय, गाव बदललंय. मेलेल्यांवर कुणाची मालकी नसते, डॉक्टर." त्यानंतर मी त्याचा फोन घेतला नाही. त्याचं काही अडलं नाही, दुसरा डॉक्टर मिळाला.

आता तो गेल्यावर लायब्ररीनं त्याच्या नावाची खोली केली आणि उद्घाटनाला मला बोलायला बोलावलं. माझी मुलगी म्हणाली, "आई, ही इज डेड. लेट इट गो." तिनं त्याची सगळी पुस्तकं वाचली आहेत.

मी गेले आणि म्हाताऱ्याची गोष्ट खरी घडली तशी सांगितली. त्या मुलीनं काहीही केलं नव्हतं, आणि हे त्याला माहीत होतं, असंही सांगितलं. सुरुवातीला लोक हसले, त्यांना वाटलं मी किस्सा सांगतेय. मग कुणी हसेना. आयोजक बाईंनी माझे आभार मानून माइक काढून घेतला.

कॉफीच्या टेबलापाशी एक बाई तीच कादंबरी घेऊन आल्या. आभाराचं पान उघडून पेन पुढे करत म्हणाल्या, "तुमचं नाव आहे इथे. सही द्याल?"

मी पेन घेतलं आणि माझं नाव खोडून पुस्तक परत दिलं. त्या बाई चिडल्या. पुस्तक विकत घेतलेलं होतं, त्यांचं बरोबरच होतं.