छातीभर पाणी

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी समुद्रपूरच्या बसमध्ये होते. सकाळी वांगी तोडायला वावरात गेले, बांधावर जरा टेकले, ते उठलेच नाहीत. महिना उलटून गेला. तरी त्यांच्या नालवाडीकडे वळलं की वाटतं, फाटकाशी उभे असतील आणि म्हणतील, "काऊन वो साळीबाई, आज इकडची वाट कशी सापडली?"

माझ्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. घरची भाजीपाल्याची शेती. ताईचे गुडघे धरले, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, तेव्हा या माणसाने विहिरीजवळ चक्क पोहण्याचा तलाव बांधला. रविवारी वर्ध्याची माणसं पोराबाळांना घेऊन येऊ लागली, त्यात त्याचा खर्चही निघायचा. तलावाला लागून, त्याला आतून जोडलेला एक छोटा हौद आणि त्यात फ्लोट. पाणी उतरलं की त्याचा चेंडू खाली जाऊन नळ आपोआप सुरू, चढलं की बंद. भाऊजींनी चेंडूचा दांडा खाली वाकवून ठेवला होता, त्यामुळे तलाव कधी भरायचाच नाही. येणारे कुरकुरत. मी तर तोंडावर म्हणायचे, "एवढा तलाव बांधला भाऊजी, आणि पाण्यात हात आखडता?" ते हसत. "वांग्याले पाणी लागते नं वो." झालं, पंचक्रोशीत ते चिकट ठरले.

तेरवीनंतर ताई तलावाकडे फिरकेना. गुडघे पुन्हा आखडले, न्हाणीपर्यंत जायलाही भिंत धरावी लागे. ही आता अंथरूणच धरणार, अशी मला धास्ती पडली. त्यातच फ्लोटचा चेंडू फुटला, नळ बंद होईना, पाणी मेथीच्या वाफ्यात शिरलं. मी प्लंबर बोलावला. त्याने सरळ दांड्याचा नवा फ्लोट बसवला आणि तलाव पहिल्यांदाच काठोकाठ भरला. मला भारी समाधान वाटलं. ताईला बळेच आणलं. ती पायऱ्या उतरली, पाणी गळ्याशी आलं आणि तिने पायऱ्यांपासून पार मधोमध गेलेला कठडा असा आवळला की बोटं सोडवून तिला वर काढावं लागलं.

ओल्या साडीनिशी ती पायरीवर बसली. पदर पिळत म्हणाली, "मले पाण्याचं भेव वाटते. पहिल्या दिवशी तुह्या भाऊजीनं मले मधात उभं केलं. पाणी छातीले लागलं का नळ बंद व्हावा, असा दांडा वाकवला. म्हने, कोणाले सांगू नको, लोक हासतील तुले…"

मला रडू आवरेना. तिला कोणी हसू नये म्हणून हा माणूस इतकी वर्षं हसत हसत कंजूष म्हणवून घेत राहिला!

दुसऱ्या दिवशी पाणी उतरवलं, प्लंबरला परत बोलावलं. ताई कठडा धरून मधोमध उभी राहिली. नळ सुरू झाला, पाणी चढत चढत तिच्या छातीला लागलं. "बस," ती म्हणाली. त्याने दांडा खाली वाकवला, नळ थांबला. वाकवला खरा, पण त्याला काही पटेना.

"काकू, तलाव रिकामा दिसून राह्यला नं."

"वांग्याले पाणी लागते," ताई म्हणाली, आणि कठडा सोडून चालू लागली.