आत्यानं हात वर केला की नाही

माझ्या आत्याइतकं बोलणारं आणि माझ्या आत्याइतकं न सांगणारं माणूस उभ्या हैदराबादेत सापडायचं नाही. ही दोन वेगवेगळी माणसं असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण ती एकाच सुती साडीत आणि एकाच जाड भिंगांच्या चष्म्यामागे राहतात. सकाळी दूधवाल्याशी तेलुगूत, भाजीवाल्याशी दखनीत, माझ्याशी मराठीत आणि मांजराशी तिन्ही भाषांत आत्याचं बोलणं चालू असतं. समोरच्यांच्या कुकरला तीनऐवजी पाच शिट्ट्या का होतात इथपासून माझ्या स्कूटरचा आरसा कुठल्या कोनात असावा इथपर्यंत सगळ्यावर तिची मतं आहेत आणि ती न विचारता मिळतात. मात्र शनिवारी दुपारी चर्चच्या कमिटीत काय झालं हे तुम्ही तिला विचारून बघा. "कमिटी बसली होती, कमिटी उठली," एवढं सांगून ती कांदा चिरायला घेईल.

याचं मूळ तिच्या नोकरीत असावं. आत्या बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ट्रंक कॉल जोडून द्यायचे आणि नीट ऐकू येतंय ना हे बघायला क्षणभर कान लावायचा, असं ते काम. त्या क्षणभरात शहरातल्या कितीतरी सोयरिकी जुळताना, मोडताना आणि पुन्हा जुळताना तिनं ऐकल्या. निवृत्त झाले तेव्हा ते सगळं तिथंच ठेवून आले, असं ती म्हणते. माझा विश्वास नाही. तिनं ते सगळं घरी आणलंय, फक्त कुलूप लावून. त्याच कुलपात पुढं कमिटीही गेली.

आमच्या चर्चविषयी दोन शब्द सांगायला हवेत. आजोबांच्या पिढीत जालना, नांदेड, नगरकडची काही ख्रिस्ती कुटुंबं रेल्वेच्या आणि दवाखान्याच्या नोकऱ्या धरून इकडे आली. त्यांच्यासाठी एका तेलुगू चर्चमध्ये सकाळी सातची मराठी उपासना सुरू झाली. नऊला तेलुगू उपासना होते. इमारत एक, पाळकसाहेब एक, आणि सगळ्यांनी मिळून निवडलेली बारा जणांची कमिटी एक. या कमिटीवर निवडून येणं ही आमच्याकडे फार मोठी गोष्ट समजली जाते. निवडून आलेला सभ्य माणूस पुढच्या रविवारपासून वेगळ्या चालीनं चालू लागतो. एकानं कमिटी सभासद म्हणून कार्डं छापून घेतली होती आणि ती तो बारशालाही वाटायचा. दुसऱ्यानं चर्चच्या पाण्याच्या टाकीवर आपलं नाव कोरून घेतलं. टाकी गळू लागली तेव्हा ते नाव फार वाचलं गेलं.

आत्या नऊ वर्षं कमिटीवर होती आणि ती नऊही वर्षं आपल्या जुन्या बाकावरच बसली, डावीकडून चौथ्या. सणावाराला कमिटीच्या लोकांना लावायला मिळणारं रेशमी फूल ती पर्सच्या आतल्या बाजूला लावायची. विचारलं तर म्हणायची, "आहे ना लावलेलं." सत्काराच्या शाली मिळाल्या त्यातली एक चर्चमधल्या बाजाच्या पेटीवर पांघरलेली असे आणि दुसरी मांजराकडे आहे.

पण काम असं करायची की बघणाऱ्याला दम लागावा. चर्चमध्ये नवे स्पीकर बसवायचे का, हा प्रश्न निघाला तेव्हा ती दर रविवारी वेगळ्या बाकावर बसून प्रवचन ऐकू लागली. शेवटच्या बाकावर, म्हणजे माझ्या बाकावर, आली तेव्हा मला विचारलं, "इथं ऐकू येत नाही, म्हणून बसतोस ना?" मी हो म्हटलं. तिनं तेही वहीत लिहून घेतलं. छत गळतं असं कुणी म्हणालं तर ती शिडी मागवायची. शिडीवर पाळकसाहेबांनी चढावं की आपण, एवढाच प्रश्न तिला पडे आणि पाळकसाहेबांचं वजन पाहता तो लवकर सुटे.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या वेळचं सांगतो. चर्चचा हॉल एका तेलुगू कुटुंबानं आधीच मागितला होता. पण आपली आत्या कमिटीत आहे, तेव्हा जमून जाईल, अशा भरवशावर मी अर्ज टाकला. विषय निघताच आत्या उठली आणि "अर्जदार माझा भाचा आहे" असं सांगून बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली. आत अकरा जणांनी दहा मिनिटांत माझा अर्ज नामंजूर केला. ती बाहेर उभी राहिली एवढ्यावरच तिचं माझ्यावरचं प्रेम संपलं असतं तर मी समजू शकलो असतो. पण त्यानंतर ती माझ्या घरी आली, चहा घेतला आणि माझा अर्ज नामंजूर होणं कसं अगदी योग्य होतं हे मला आणि माझ्या बायकोला पाऊण तास समजावून सांगितलं. साखरपुडा शेवटी दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर झाला. अंगठी घालताना खालून रसायनशास्त्र ऐकू येत होतं.

आत्या मत कुठं देते हे शोधून काढणं हा मग माझा छंदच झाला. आणि काही वर्षांच्या निरीक्षणानंतर मला त्याची किल्ली सापडली. दाराबाहेर अपंगांसाठी उतार बांधायचा ठराव झाला. आत्या वर्षभर त्याच्या मागे होती हे सगळ्यांना माहीत होतं. ठराव झाल्यावर ती घरी आली, जेवली आणि झोपली. याउलट चर्चची घंटा दोरी ओढून न वाजवता स्पीकरवरून वाजवायची असं ठरलं. ती दोरी आत्यानं लहानपणी ओढलेली होती, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी आत्या ते यंत्र शिकायला बसली आणि पुढं दर रविवारी पावणेसातला बटण दाबायला तीच हजर. कुणी कुरकुर केली की त्यालाच ऐकवायची, आवाज किती लांब जातो बघ. बाकं काढून खुर्च्या आणायचं बारगळलं आणि आहेत त्या बाकांना रंग द्यायचं ठरलं. रंग तिला पसंत नव्हता हे तिच्या चेहऱ्यावरून मांजरालाही कळलं असतं. सुट्टीच्या दिवशी पदर खोचून बाकं घासायला पहिली कोण? आत्याच. थोडक्यात, जिंकली की आत्या घरी बसते आणि हरली की राबते. हा शोध मी तिला ऐकवला तेव्हा ती म्हणाली, "तुला दुसरं काम नाही."

मग तो शनिवार आला. मराठी उपासनेला वीसेक माणसं उरली होती, तीही बहुतेक गुडघ्यांची तक्रार असलेली. आमची मुलं घरी मराठी बोलतात ती अर्धी तेलुगू, आणि गीतपुस्तक हातात दिलं तर चित्रं शोधतात. नऊच्या उपासनेला मात्र लोक बाहेर पायऱ्यांवर उभे. सात आणि नऊच्या मध्ये रविवारची शाळाही भरायची, तिला जागाच नव्हती. कमिटीनं ठरवलं की मराठी उपासना महिन्याच्या शेवटच्या रविवारी होईल, एरवी सगळ्यांनी नऊलाच यायचं. आत्या सातच्या उपासनेत लहानाची मोठी झाली. तिचं लग्न त्याच उपासनेतल्या माणसाशी झालं आणि त्याला निरोपही त्याच गीतांनी दिला. त्या शनिवारी ती घरी आली आणि जेवली नाही की झोपली नाही. वहीत तिनं सगळ्या मराठी घरांची यादी काढली आणि मला म्हणाली, "उद्या दुपारी स्कूटर काढ. लोकांना नोटीस बोर्डावर कळायला नको." दुसऱ्या दिवशी तिनं पर्स उचलली आणि मला जे समजायचं ते समजलं.

अंबरपेठेतले एक निवृत्त गार्डसाहेब तर पुढ्यातच उभे राहिले. "बाई, तुम्ही तिथं बसलेल्या असताना हे झालं? जास्त काही विचारत नाही. हात वर केला का खाली ठेवला, तेवढं सांगा."

"कमिटीनं ठरवलंय," आत्या म्हणाली. "आणि कमिटीत मी आहे."

"म्हणजे वर केला."

"म्हणजे मी कमिटीत आहे."

मग तिनं त्यांना रविवारच्या शाळेची मुलं व्हरांड्यात कशी बसतात, पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्या तेलुगू बायकांना ऊन कसं लागतं हे सगळं सांगितलं. इतकं नीट सांगितलं की कमिटीतल्या ज्या कुणी ठराव मांडला त्यालाही एवढं जमलं नसतं. गार्डसाहेब पटल्यासारखे दिसले नाहीत, पण त्यांनी चहा दिला.

मलकपेठला चहा मिळाला नाही. तिथं तिसऱ्या मजल्यावर सुगंधाबाई राहतात. आत्याची पन्नास वर्षांची मैत्रीण आणि मराठी उपासनेची पेटी वाजवणारी. नऊच्या उपासनेत कीबोर्ड असतो, पेटी नसते. लिफ्ट बंद होती. आत्या प्रत्येक मजल्यावर थांबत, कठड्याला धरून वर गेली. सुगंधाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू हो म्हणालीस?"

आत्या म्हणाली, "सुगंधे, कमिटीतलं मला विचारू नको."

सुगंधाबाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. पाणी पिऊन झालं आणि त्या दार लावायला उठल्या. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. शेवटच्या रविवारी सुगंधाबाई यायच्या, पेटी वाजवायच्या, आणि आत्याच्या बाकाकडे न बघता निघून जायच्या. इतर रविवारी येतच नसत. एका वाक्यानं हे मिटलं असतं. ते वाक्य आत्याकडे होतं आणि ती ते देत नव्हती. मी एकदा चिडून म्हणालो, कमिटीचा नियम मैत्रिणीपेक्षा मोठा आहे का? ती म्हणाली, "मी सुगंधाला सांगितलं, तर उद्या दुसऱ्यानं त्याच्या सोयऱ्याला सांगितलेलं मला चाललं पाहिजे. मग त्या खोलीत खरं कोण बोलेल?" आणि तिनं पहिलीचं तेलुगू पुस्तक उघडलं.

कारण आत्याला तेलुगू बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. पंचाहत्तरीला ती अक्षरं शिकू लागली. माझ्या स्कूटरवर मागं बसून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायची. हिरवा दिवा लागला की पाटी अर्धी राही आणि ती मला रागवायची. नऊच्या उपासनेत ती बोट ठेवून गीत वाचायची. लोकांचं कडवं संपे तेव्हा तिची दुसरी ओळ चालू असे.

गेल्या वर्षी तिची मुदत संपली. निरोपाच्या कार्यक्रमात, तिसरी शाल देताना, पाळकसाहेबांनी सांगितलं की एकत्र उपासनेचं हे धाडसी पाऊल आपल्या या भगिनीच्या पुढाकारामुळेच पडलं. बिचाऱ्यांना तिनं घरोघर केलेली पायपीट आठवत होती. टाळ्या पडल्या. मराठी लोकांच्या बाकांवरून पडल्या नाहीत. सुगंधाबाई खाली बघत होत्या. आत्या उठली आणि म्हणाली, "पुढाकार माझा नव्हता. ठराव कमिटीचा आहे." ती बसली. सगळ्यांना तो विनय वाटला आणि टाळ्या आणखी जोरात पडल्या.

मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटाच मलकपेठला गेलो, तीन मजले चढलो आणि सुगंधाबाईंना माझा सिद्धान्त सांगायला बसलो. उतार, घंटा, रंग, सगळं. त्यांनी मला घंटेपर्यंत बोलू दिलं.

"मला काय सांगायलास?" त्या म्हणाल्या. "हात वर केला असता तर तिनं फोन केला असता. त्या गुडघ्यांनी तीन मजले चढून आली तेव्हाच मला कळलं."

"मग बोलत का नाही तुम्ही तिच्याशी?"

"तिनं एकदा तरी सांगावं. सगळ्यांना नक्को, मला. पन्नास वर्षं एका बाकावर बसलो आम्ही."

"ती सांगणार नाही."

"माहीत आहे मला." त्यांनी चहा ओतला, यावेळी मिळाला. "तेलुगू वाचू लागली म्हणे?"

"हौ. बोट ठेवून."

पुढच्या रविवारी, महिना संपायला अजून दोन आठवडे असताना, सुगंधाबाई नऊच्या उपासनेला आल्या. डावीकडून चौथ्या बाकाशी थांबल्या. आत्या सरकली. गीत सुरू झालं तसं आत्यानं पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं आणि बोट ठेवलं. सुगंधाबाईंना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. त्या बोटाकडे बघत होत्या. माझ्या बाकावर काही ऐकू येत नाही, पण ते वाक्य मी ऐकलं, कारण त्या दिवशी मी पुढं, त्यांच्या मागच्याच बाकावर जाऊन बसलो होतो. सुगंधाबाई म्हणाल्या, "जरा हल्लू फिरव."

अभिमान हा शब्द मी सहसा वापरत नाही, शाली देणाऱ्यांनी तो फार झिजवलाय. पण त्या दिवशी आत्याला स्कूटरवरून घरी नेताना मला तो वाटत होता आणि मी तो वाटू दिला. आता ती कमिटीत नाही, आता विचारायला हरकत नाही, असंही मनात आलं. चादरघाटच्या सिग्नलला आम्ही थांबलो. मी मान वळवली. आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून समोरच्या एका चप्पलच्या दुकानाची पाटी अक्षराला अक्षर जोडत वाचत होती. लांब नाव होतं.

मी काही विचारलं नाही. हिरवा दिवा लागला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी तिची पाटी पुरी होईपर्यंत थांबलो.