चुडा कुणी भरायचा

दुपारी बाजाराला एक सुस्ती येते बघा. सकाळची गिऱ्हाइकं भाजी घेऊन घरी गेलेली, संध्याकाळची अजून यायची आहेत, आणि मधल्या वेळात भेळवाला शंकऱ्यासुद्धा पाटीवर डोकं टेकतो. मीही ताडपत्रीच्या बांबूला पाठ लावतो. डोळे मिटायचे नाहीत म्हणून ठरवतो. मिटतातच. कलिंगडवाल्याची आरोळी कानात येत असते, ती लांब लांब जाते, विहिरीतून आल्यासारखी व्हायला लागते.

झोप कसली, काळजी आहे नुसती. मी कासार. आख्खा जन्म बायांच्या हातात बांगड्या भरण्यात गेला. उन्हं कलली की सावंतांची तेजू चुडा भरायला येणार आहे, उद्या हळद आहे तिची. आणि माझी बोटं कामातून गेलेली. करोनानं मला सोडलं, पण जाताना बोटांतली जाण घेऊन गेला. मुंग्या येतात, काच कुठं अन् मनगट कुठं कळत नाही. गेल्या बाजाराला एका बाईच्या हातात माझ्याकडून बांगडी वाढवली. आम्ही फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. पण रक्त आलं ते आलंच. नवरीच्या हातात हिरवी काच वाढवली तर पुन्हा कोण बसेल माझ्यापुढं?

माझी सून रोहिणी मागं बसते, डबे काढून देते. हात म्हणाल तर लोण्यातनं सुरी जावी तसा. सकाळी म्हणाली, "आप्पा, तेजूचा चुडा मी भरते."

मी म्हणलं, "खुळी का काय? नवरीला विधवेच्या हातचा चुडा चालंल व्हय?"

तेव्हापासून डबे आपटत होती, आत्ता कळशी उचलून हापशावर गेलीय. माझ्या हातानं होत नाही, तिच्या हातानं चालत नाही. हा धंदा गेला तर आम्ही दोघं आणि माझी नात, खायचं काय?

समोर गोणपाटावर कुणीतरी येऊन बसतं. मांडी घालून, हात पुढं करून.

"भरा की."

माझा नागेश. माझा पोरगा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलेला. अंगात तोच चौकड्यांचा शर्ट, दवाखान्यात नेताना घातलेला. मला काही नवल वाटत नाही. राग येतो.

"काय भरू?"

"बांगड्या. लाईनीत बसलोय कधीचा."

"बाप्या माणसानं बांगड्या भरायच्या? माझी अब्रू घालवायला आलास का?"

"आप्पा, मागं बघा. लाईन केवढी आहे."

मागं बघतो तर बाजार नाही. शाळेची खोली आहे, करोनात क्वारंटाईन म्हणून आम्हाला कोंडून ठेवलं होतं ती. फळ्यावर अर्धा पुसलेला पाढा. बाकांवर बाया बसल्यात, सगळ्यांचे हात उघडे. पहिल्याच बाकावर शिलाईवाली कुसुम. तिचा नवरा नागेशच्याच आठवड्यात गेला. तिचा शिलाईचा कारखाना बंद पडला, दिरानं मशीन ठेवून घेतलं आणि तिला माहेरची वाट दाखवली. तिच्या बाजूला पापड लाटणारी मैनाबाई. बाप्यांना पुन्हा कुठं कुठं काम लागलं, हिला कुणी बोलावलंच नाही. सगळ्या माझ्याकडं बघतायत. कुणी रडत नाही. रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मधेमधे बारक्या पोरी आहेत. पाय जमिनीला टेकत नाहीत त्यांचे.

"ह्या कुणाच्या रे?"

"लॉकडाऊनच्या नवऱ्या," नागेश म्हणतो. "शाळा बंद, पंगत घालायची नाही, वाजंत्री नाही. स्वस्तात होतंय म्हणून अंगणात उरकून टाकल्या. त्या साली लहान मापाचा हिरवा माल पुरत नव्हता, तुम्हीच म्हणत होता की."

म्हणत होतो. धंदा बरा आहे म्हणून म्हणत होतो. एक पोरगी मनगट पुढं करते, उसाच्या कांडीएवढं. मी बांगडी उचलतो तर ती तिच्या कोपरापर्यंत सरकून जाते.

"नको," मी म्हणतो. "हिला नको. घरी जा बाळ."

"घरीच तर आहे," पोरगी म्हणते.

नागेश खोकतो. खोकला थांबत नाही, आणि खोली लांबट व्हायला लागते. आता कॉरिडॉर आहे, फिनाईलचा वास आहे. तो काचेच्या पलीकडं आहे आणि मी अलीकडं. मी काचेवर थापा मारतो.

"आत येऊ दे मला! माझा पोरगा आहे तो!"

"येऊ देणार नाहीत आप्पा. तेव्हाही दिलं नव्हतं." काचेतूनसुद्धा त्याचा आवाज अगदी कानाजवळ. "शेवटी हात धरायला कुणीतरी पाहिजे असं लई वाटत होतं."

हजार बायांचे हात धरले मी. स्वतःच्या पोराचा हात धरायला मिळाला नाही. हे त्याला सांगावं म्हणून काचेला तोंड लावतो, नुसती वाफ धरते.

"पण एकजण आली," तो म्हणतो. "नर्स होती. पायापासून डोक्यापर्यंत प्लास्टिकमधी. हात धरून बसली. बोलता बोलता म्हणाली, तिचा नवरा महिन्याआधी ह्याच वॉर्डात गेला."

"मग?"

"मग काय? मी काय तिला म्हणलं का, तू विधवा, सोड माझा हात म्हणून?"

मला चपराक बसल्यागत होतं. "मला शिकवू नको," मी ओरडतो. "बाजारात तू बसतोस का मी? लोक काय बोलतात ते तुला ठाऊक आहे? तिच्या तोंडावर बोलतील, नागेश. ती रडत घरी येईल."

"आत्ता हसतेय व्हय?"

तेवढ्यात वाजंत्री सुरू होते. मांडव आहे. माझ्यापुढं नवरी बसलीय, तोंडावर मुंडावळ्या, चेहरा दिसत नाही. मी तिचा हात धरतो आणि बांगडी चढवतो. वाढवते. दुसरी घेतो. वाढवते. तिसरी. काच माझ्या मांडीवर, गुडघ्यापर्यंत, वर वर यायला लागते. वाजंत्री थांबते. आख्खा मांडव माझ्याकडं बघतो. नवरीच्या मनगटातून लाल धार लागलीय आणि माझी बोटं थांबत नाहीत, पुढची बांगडी उचलतायत, पुढची, पुढची.

"आप्पा, सरका." नागेश माझा हात हिसकून घेतो. अंगठ्याच्या मुळाशी त्याचा अंगठा रोवतो आणि दाबतो.

"असं नव्हं, गाढवा! हाड मोडशील. तुला जन्मात कधी जमलं नाही."

"मला नाही जमलं. तिला जमलं. माझ्याच हातावर शिकली ती."

"कधी?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षी. तुम्ही आडवे झाला की माझ्या ह्या राकट हातात बायकी मापाच्या बांगड्या घालायची. मी बोंबलायचो. तुम्ही आतून ओरडायचा, भांडू नका रे म्हणून."

मला हसू येतं. मांडवात एवढ्या लोकांत मी मोठ्यानं हसतो, आणि तो दाबतोच आहे, जोरात, आणखी जोरात.

"नागेश, दुखतंय रे."

"सोडू?"

मी त्याच्या तोंडाकडं बघतो. दाढी वाढलीय. गळ्यावर नळीचा वण आहे.

"नको," मी म्हणतो. "नको सोडू."

"कासारमामा! ओ मामा!"

उन्हं कललीत. समोर सावंतकाकू उभ्या, शेजारी तेजू, दोघींच्या मागं कलिंगडवाल्याची आरोळी परत जवळ आलेली. रोहिणी हापशावरून आत्ता येतेय, कळशी अजून कमरेवरच. माझ्याजवळ कुणी नाही, कुणी नव्हतं. माझा डावा हात ठणकतोय. अंगठ्याच्या मुळाशी एक लाल खूण उमटलीय, खोल.

"उठा मामा, पाव्हणे घरी बसलेत," काकू म्हणतात.

मी उठतो. माझी जागा मोकळी करतो.

"रोहिणी, कळशी ठेव. इथं बस."

ती हलत नाही. काकू हलतात. तेजूचा दंड धरतात. "मामा, तुम्हीच भरा. तसं काही नाही हो आमचं. पण नवरीचा चुडा आहे."

"माझ्या हातात वाढवंल, काकू. बोटं गेलीत माझी."

"मग राहू द्या. आम्ही तालुक्याला जातो."

त्या वळतात. आता गेल्या तर गेल्याच. मी काहीच विचार करत नाही. रोहिणीची कळशी खाली उतरवतो, गिऱ्हाइकाच्या गोणपाटावर फतकल मारतो, तिचं मनगट धरून तिला समोर बसवतो आणि माझा हात तिच्यापुढं करतो.

"भर."

शंकऱ्या पाटीवरून डोकं उचलतो. "काय आप्पा! म्हातारपणी बांगड्या भरता व्हय?"

"भरतो. ये, तुझ्याबी भरून देतो."

बाजार हसतो. काकू थांबतात, काय चाललंय बघायला का होईना, पण थांबतात. रोहिणी दबक्या आवाजात म्हणते, "आप्पा, लोक बघायलेत."

"बघू दे. तू हात बघ."

ती माझा हात घेते. तिची बोटं गार आहेत, हापशाच्या पाण्याची. अंगठा मुळाशी नेते आणि थांबते. तिचा अंगठा त्या लाल खुणेत पार बुडून जातो. खूण रुंद आहे, बाप्या माणसाच्या अंगठ्याची.

"हे कुणी दाबलं?"

"तिथंच दाब," मी म्हणतो.

ती माझ्याकडं बघते. मग दाबते. माझ्या म्हाताऱ्या हाताची हाडं एकावर एक निजतात, आणि हिरवी बांगडी बोटांवरून, सांध्यांवरून, खुणेवरून जाते आणि मनगटात बसते. आवाजसुद्धा होत नाही.

"अगंबाई," तेजू म्हणते. "ह्यांच्या खोऱ्याएवढ्या हातात गेली!"

आणि चप्पल काढून माझ्या शेजारी गोणपाटावर बसते.

"तेजू," काकू म्हणतात.

"आई, पाव्हणे बसलेत ना घरी?" पोरगी दोन्ही हात रोहिणीपुढं करते.

काकू तोंड कलिंगडांकडं वळवतात, पण पाय तिथंच राहतात. रोहिणी पहिली बांगडी उचलते. मी बाजूला सरकतो आणि बांगडीखालची ती खूण धरून बसतो. अजून दुखतेय. दुखू दे.